प्रकल्प नोंदी: ८१३९ चं कार्ड ८१२९ म्हणून का दिसतंय

६ एप्रिल

काम तसं छोटं आहे. जुन्या टॉवर मशीनला दुसरा नेटवर्क पोर्ट द्यायचा. मदरबोर्डवरचा पोर्ट मुख्य नेटवर्कला लागलेला आहे, आणि मापनयंत्राचा जो कंट्रोलर आहे त्याला स्वतःचं वेगळं, बाहेरच्या जगाशी काही संबंध नसलेलं नेटवर्क पाहिजे, कारण त्याच्या सॉफ्टवेअरला अपडेट येणं कधीच बंद झालंय आणि असलं यंत्र मुख्य नेटवर्कवर उघडं ठेवणं मला अजिबात पटत नाही. मशीनला साधे ३२ बिटचे पीसीआय स्लॉट (जादा कार्डं खोचायच्या जुन्या पद्धतीच्या खाचा) आहेत म्हणून रिअलटेक आरटीएल८१३९ चं शंभर मेगाबिटवालं कार्ड घेतलं. लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं घासून पुसून पक्का झालेला आहे, त्यामुळे लावलं की चाललं पाहिजे.

लावलं, नाही चाललं. इंटरफेसच्या यादीत फक्त मदरबोर्डवालाच पोर्ट. एलएसपीसीआय (लावलेल्या पीसीआय कार्डांची यादी देणारी आज्ञा) चालवलं तर कार्ड दिसतंय, पण नाव भलतंच: रिअलटेक आरटीएल-८१२९. चिपवर तर ठळक छापलंय ८१३९.

७ एप्रिल

आधी नावाचं. एलएसपीसीआय जे नाव दाखवतं ते कार्डात नसतंच, कार्डात असतात फक्त आकडे, आणि पीसीआय डॉट आयडीज नावाच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये त्या आकड्यांसमोर जे लिहिलंय ते आपल्याला स्क्रीनवर दिसतं. त्यामुळे कार्ड ओळखलं जात नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न हाच, की नाव चुकलंय का आकडा चुकलाय? नुसतं नाव चुकीचं किंवा गायब असेल तर ती फाइल जुनी असते, अपडेट केली की संपलं, ड्रायव्हरला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. आकडा चुकला असेल तर मात्र गोष्ट गंभीर.

नावासोबत आकडेही दिसावेत म्हणून एलएसपीसीआय डॅश एनएनके केलं. आकडाच १०ईसी:८१२९ येतोय (हे आकडे हेक्स पद्धतीचे, शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ, एक अंक म्हणजे चार बिट). १०ईसी म्हणजे रिअलटेक, ते बरोबर. ८१२९ च्या जागी ८१३९ पाहिजे होतं.

आता ड्रायव्हर कोण उचलणार हे मॉड्यूल्स डॉट अलायस फाइलवरून ठरतं, त्यात कुठल्या आकड्याला कुठलं मॉड्यूल याची जंत्री असते. तिथे ८१२९ शोधलं तर दोन दावेदार निघाले, ८१३९टू आणि आर८१६९. हा आर८१६९ म्हणजे गिगाबिट चिपांचा ड्रायव्हर, त्याच्या यादीतही ८१२९ आहे. आमच्याकडे त्यानेच आधी झडप घातली आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांच्या नोंदीत) लिहून ठेवलं की अननोन चिप, एक्सआयडी (चिपचा ओळख-आकडा) एफसीएफ, मेंटेनर्सना (ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना) कळवा.

मेंटेनर्सना कळवायच्या आधी तो एफसीएफ म्हणजे काय ते बघावं. ड्रायव्हर चिपचं एक रजिस्टर (चिपमधला छोटा कप्पा) वाचतो, वीस घरं सरकवतो आणि एफसीएफ हाच मास्क (नको ते बिट शून्य करणारी चाळणी) लावतो. म्हणजे उत्तर एफसीएफ यायला त्या घरांतले सगळे बिट १ पाहिजेत, आणि पीसीआयवर सगळे १ कधी येतात, तर त्या पत्त्यावर कोणी उत्तरच दिलं नाही तेव्हा. ही कुठली नवीन अनोळखी चिप नाही, ही शांतता आहे. नव्या कर्नलमध्ये याच जागी रीड फेल्ड असा सरळ मेसेज येतो, ते बरं केलंय त्यांनी, कारण अननोन चिप वाचून माणूस नवा ड्रायव्हर शोधायला धावतो.

८ एप्रिल

तरी ड्रायव्हरची बाजू पूर्ण बंद करून टाकली. आर८१६९ सोडवला, ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप लावू नये अशा ड्रायव्हरांच्या यादीत) टाकला, ८१३९टू लावला. त्याचं उत्तर: चिप नॉट रिस्पॉन्डिंग, इग्नोरिंग बोर्ड. हाही तेच रजिस्टर वाचतो, त्यालाही सगळे १ मिळतात. दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन ड्रायव्हर एकच सांगतायत, म्हणून सॉफ्टवेअरचा नाद इथेच सोडला.

मग कार्डाकडे वळलो. ८१३९ च्या शेजारी आठ पायांची ९३सी४६ ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी छोटी साठवण) असते, एक किलोबिटची, तिच्यात मॅक अ‍ॅड्रेस, व्हेंडर आणि डिव्हाइसचे आकडे वगैरे साठवलेलं असतं. मशीन चालू झालं की चिप ती ईईप्रॉम वाचते. आणि डेटाशीटमध्ये फार कामाचं वाक्य आहे: ईईप्रॉमचा पहिला शब्द ८१२९ असेल तरच चिप पुढचं सगळं भरून घेते, तो शब्द बरोबर नसेल तर स्वतःच्या पोटातले आकडे वापरते आणि ते आकडे आहेत १०ईसी आणि ८१२९.

म्हणजे ईईप्रॉम मेली की ८१३९ चं कार्ड स्वतःची ओळख ८१२९ अशीच देणार! आमच्याकडे तेच तर दिसतंय. आमच्या सोबतच्याचं मत पडलं की झालं, निदान झालं, कार्ड फेकून द्या. कोणालाही तसंच वाटेल, इतकं चपखल बसतंय ते.

पण एक गोष्ट बसत नाही. ईईप्रॉम वाचता न आलेली चिप मुकी होत नाही, मॅक अ‍ॅड्रेस कचरा येईल, आकडे डिफॉल्ट येतील, पण रजिस्टर वाचलं तर उत्तर द्यायला पाहिजे. आमचं कार्ड उत्तरच देत नाहीये. म्हणून कार्ड ठेवून घेतलं.

१० एप्रिल

आज डीमेसेज सुरुवातीपासून ओळीन् ओळ वाचला, नेटवर्कवाल्या ओळी गाळून न घेता, आणि पीसीआयच्या जागावाटपात ही ओळ सापडली: बार १, एरर अपडेटिंग, एफईबी००००० नॉट इक्वल टू एफईए०००००.

बार म्हणजे बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर, कार्डाला मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसायचं ते कर्नल यात लिहितं आणि लिहिल्यावर परत वाचून खात्री करतं. लिहिलं एफईबी, वाचलं एफईए. बी म्हणजे १०११, ए म्हणजे १०१०. एकच बिट पडलाय. उजवीकडून शून्यापासून मोजलं तर तो बिट क्रमांक २०.

आता ८१३९ कडे परत. शेवटचे दोन अंक ३९ म्हणजे ००११ १००१, आणि २९ म्हणजे ००१० १००१. इथेही एकच बिट पडलाय, डिव्हाइस आयडीचा बिट ४. आणि कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये (कार्डाची ओळख आणि सेटिंग असलेल्या जागेत) पहिले चार बाइट एकत्र वाचले जातात, खालचे १६ बिट व्हेंडर आणि वरचे १६ डिव्हाइस, म्हणजे डिव्हाइसचा बिट ४ हा एकूण शब्दाचा १६ अधिक ४, बिट २०.

तोच बिट! जुन्या पीसीआयमध्ये ३२ वेगवेगळ्या तारांवरून पत्ता आणि डेटा दोन्ही आळीपाळीने जातात, एडी० ते एडी३१. बिट २० म्हणजे एडी२० ही तार. ईईप्रॉम बारला हात लावत नाही, बार तर कर्नलने आत्ता लिहिलेला आहे, त्यामुळे ईईप्रॉमची गोष्ट इथे मोडली. तार तुटली असेल तर मात्र दोन्ही एका दमात समजतं.

मग बाकीचं कॉन्फिगरेशन स्पेस एलएसपीसीआयला डॅश एक्सएक्सएक्स लावून काढलं आणि प्रत्येक शब्दाचा बिट २० बघत गेलो. सबसिस्टीम आयडीही ८१२९ येतोय, पण ते ईईप्रॉमच्या गोष्टीशीही जुळेल म्हणून पुरावा धरत नाही. स्टेटस रजिस्टरचा बिट ४, म्हणजे परत शब्दाचा बिट २०, हा कार्डाकडे क्षमतांची यादी आहे का ते सांगतो. चांगल्या ८१३९ वर तो १ असतो आणि पत्ता ५० वर पॉवर मॅनेजमेंट दिसतं, आमच्याकडे कॅप मायनस (एलएसपीसीआय १ ला प्लस आणि ० ला मायनस लिहितं), यादीच गायब. हाही दोन्हीकडे जुळतो कारण पॉवर मॅनेजमेंट चालू का बंद हे ईईप्रॉममधूनही ठरतं. क्लास आणि रिव्हिजनच्या शब्दात बिट २० मुळातच शून्य, म्हणून ते दोन्ही अगदी बरोबर दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की कार्ड ठीक आहे. शिवाय स्टेटसमध्ये पीईआरआर प्लस, म्हणजे कार्डाने पॅरिटीची (१ सम आले का विषम या तपासणीची) चूक पकडलेली आहे! पीसीआयवर पॅरिटीची वेगळी तार असते आणि हे कार्ड आल्यापासून ओरडून सांगतंय की मला जे मिळतंय त्याची बेरीज जुळत नाही, फक्त त्या तक्रारीवर कोणी कारवाई करत नाही.

मग कार्ड दिसतं तरी कसं? कारण कॉन्फिगरेशन वाचताना पूर्ण पत्ता लागतच नाही, प्रत्येक स्लॉटला आयडीसेल नावाची स्वतःची निवड-तार असते आणि आतला फंक्शन आणि रजिस्टर नंबर एडी२ ते एडी१० वरून येतो. एडी२० चा तिथे संबंध नाही. मेमरीचा पत्ता मात्र सगळ्या तारांवरून येतो, तिथे एडी२० लटकत असली की कार्डाला आपलं नाव पुकारलंय हेच कळत नाही.

११ एप्रिल

सोबतच्याने विचारलं की ८१३९टू ला यूज आयओ नावाचं ऑप्शन आहे, मेमरीऐवजी आयओ पोर्टवरून बोलायचं, पोर्टचे पत्ते १६ बिटांत बसतात म्हणजे एडी२० तिथे शून्यच, मग चालेल की. बरोबर आहे, पत्त्यापुरतं कदाचित चालेलही. आणि म्हणूनच करायचं नाही! हे कार्ड बस मास्टर आहे, आलेलं पॅकेट ते स्वतः जाऊन रॅममध्ये लिहितं, आणि त्यावेळी पत्ता कार्ड काढतं त्याच एडी२० वरून. बिट २० म्हणजे बरोबर १ मेगाबाइट. तो बिट पडला तर पॅकेट ठरलेल्या जागेच्या १ मेगाबाइट आधी जाऊन पडणार, तिथे फाइलचा कॅश असेल, कर्नलचं काही असेल, कोणाचं काहीही असेल. मापनाचा डेटा ज्या मशीनवर साठवायचा तिथे हा खेळ नको. आकडा चुकीचा दिसत असताना न्यू आयडी (ड्रायव्हरच्या यादीत नवा आकडा घालायची फाइल) मध्ये हाताने आकडा लिहून ड्रायव्हर जबरदस्तीने चिकटवायचे सल्ले सर्रास दिले जातात. खरोखरच नवीन चिप असेल आणि यादीत आकडा नसेल तर ते ठीक आहे, पण आकडा का चुकला हे माहीत नसताना तसं करणं धोक्याचं आहे, हे मला इथे ठासून लिहून ठेवायचंय.

१३ एप्रिल

तार तुटलीय खरी, पण कुठे, कार्डात का स्लॉटमध्ये? कार्ड काढलं, सोन्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. खोडरबराने घासायची सवय बऱ्याच जणांना असते, मी ते टाळतो, सोन्याचा थर आधीच पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पुसून त्याच स्लॉटमध्ये परत: ८१२९. शेजारच्या स्लॉटमध्ये: ८१३९, बार जागेवर, कॅप प्लस, इंटरफेस हजर.

म्हणजे कार्ड निर्दोष आहे आणि ईईप्रॉमही, कारण ईईप्रॉम कार्डाबरोबरच फिरते.

तरी संशयित स्लॉटची उलट तपासणी करायची होती, दुसरं कार्ड त्यात घालून. हाताशी दोन होती. एक इंटेलचं ८०८६:१२२९. ते घातलं असतं तर आयडी अगदी बरोबर आला असता आणि स्लॉट सुटला असता, कारण १२२९ मधलं २९ म्हणजे ००१० १००१, तिथे बिट ४ आधीच शून्य आहे, पडायला काही उरलंच नाही. म्हणून चाचणीला कार्ड निवडताना आधी आकडा बायनरीत लिहून बघायचा. दुसरं थ्रीकॉमचं ३सी९०५बी, १०बी७:९०५५. ५५ म्हणजे ०१०१ ०१०१, इथे बिट ४ एक आहे. ते घातलं आणि आकडा आला ९०४५. कागदावर जो आधी लिहून ठेवला होता तोच. फार आनंद झाला हे बघून.

मग इंटेलचंही घालून बघितलं, नोंदीसाठी. आयडी १२२९ बरोबर, पण कॅप मायनस.

१४ एप्रिल

आज मल्टिमीटर. मशीनची पिन भिंतीतून काढली, थोडा वेळ थांबलो.

पीसीआयच्या एडी तारा सगळ्या स्लॉटना समाईक असतात, एकाच बसवर टांगलेल्या, त्यामुळे एका स्लॉटचा ए२९ आणि शेजारच्याचा ए२९ यांच्यात बीप वाजला पाहिजे. एडी२० म्हणजे ए बाजूची २९ वी पिन, मागच्या पत्र्याच्या बाजूने मोजायला सुरुवात करायची. ए बाजू ही कार्डाची सोल्डरची बाजू, बी ही चिपांची. पाच व्होल्टच्या स्लॉटमध्ये ५० आणि ५१ च्या जागी प्लॅस्टिकची आडवी खूण असते, तिथून उलटं मोजून परत पडताळलं. आयडीसेल, रिक्वेस्ट आणि ग्रँट या मात्र प्रत्येक स्लॉटच्या वेगळ्या असतात, इंटरप्टच्या तारा स्लॉटगणिक फिरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर बीप नाही म्हणून घाबरायचं नाही.

कार्ड खराब स्लॉटमध्ये बसवलं, एक टोक कार्डावर ए२९ च्या पट्टीपासून वर जाणाऱ्या ट्रेसवर, दुसरं शेजारच्या रिकाम्या स्लॉटच्या ए२९ वर. बीप नाही. ए२८ वर वाजला, ए३१ वर वाजला. कार्ड थोडं तिरकं दाबलं की ए२९ मध्येच वाजतो आणि सोडलं की बंद.

टॉर्च मारून भिंग घेऊन बघितलं तर तिथली स्प्रिंगची पट्टी बाकीच्यांपेक्षा मागे गेलेली आहे, प्लॅस्टिकला टेकून बसलीय, कार्डाला स्पर्शच करत नाही. सुईने पुढे ओढता येईल असं सोबतचा म्हणाला. मी नको म्हणलं, दबून मऊ झालेली पट्टी आज पुढे येईल आणि मशीन गरम झालं की परत मागे जाईल, आणि ती बिघाडाची पद्धत सगळ्यात वाईट, कारण कार्ड चालू असताना मध्येच बिट पडणार आणि तेव्हा डीएमए (कार्डाचं रॅममध्ये थेट लिहिणं) सुरू असणार. स्लॉट कायमचा बंद. प्लॅस्टिकची टोपी लावली, वर चिठ्ठी: ए२९ तुटक, वापरू नये.

ज्यांच्याकडे नवीन मशीन आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो, पीसीआय एक्सप्रेसमध्ये हे असं दिसणार नाही. तिथे बिटांच्या वेगळ्या तारा नसतात, सगळं एकामागून एक जातं आणि प्रत्येक पॅकेटला ३२ बिटचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) असतो, चूक झाली की पॅकेट परत पाठवलं जातं. संपर्क खराब असेल तर कार्ड चुकीचा आकडा सांगत नाही, एक तर दिसतच नाही, नाहीतर लिंक कमी लेनवर किंवा कमी वेगावर येते. तिथे एलएसपीसीआयला डबल व्ही लावून लिंक स्टेटसची ओळ बघायची, डाउनग्रेडेड लिहिलेलं असतं. आणि तिथे आकडा चुकलाच तर बहुतेक चिपची साठवण कोरी असते, उदाहरणार्थ इंटेल आय२१० वर काही भरलेलंच नसेल तर १५३३ च्या जागी १५३१ येतो, अनप्रोग्रॅम्ड या नावाने. तोही एकाच बिटाचा फरक आहे, पण कारण पूर्ण वेगळं. एका बिटाचा फरक दिसला की लगेच तार तुटली म्हणायचं नाही, दुसरीकडे कुठेतरी तोच बिट पडलेला सापडला पाहिजे.

१६ एप्रिल

कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये कायम केलं. इंटरफेसचं नाव स्लॉटच्या जागेवरून ठरतं, उद्या कोणी कार्ड हलवलं तर नाव बदलणार आणि यंत्राच्या नेटवर्कची सेटिंग भलत्याच पोर्टला लागू शकेल, म्हणून डॉट लिंक फाइलमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवरून नाव बांधून टाकलं, यंत्र० असं ठेवायची इच्छा होती पण रोमन अक्षरांतलंच ठेवलं. आयपी फॉरवर्ड शून्य, दोन्ही नेटवर्कांत ब्रिज नाही, म्हणजे एकीकडचं दुसरीकडे जात नाही. आर८१६९ ब्लॅकलिस्टमधून काढला, मदरबोर्डच्या पोर्टला तोच लागतो, आणि ८१३९ त्याच्या यादीत नसल्यामुळे आता भांडण नाही.

यंत्राचा कंट्रोलर दहा मेगाबिट हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकानेच बोलायचं) अडकलेला आहे, ऑटोनेगोशिएशन (दोन्ही बाजूंनी वेग आपसात ठरवणं) त्याला येत नाही. आपल्या बाजूला ऑटोच ठेवलंय. समोरचा बोलत नसेल तर कार्ड सिग्नलवरून वेग ओळखतं आणि डुप्लेक्स हाफ धरतं, जे इथे बरोबरच आहे. एका बाजूने फुल (दोघांनी एकाच वेळी बोलायचं) लादलं असतं तर लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) सुरू झाले असते.

१७ एप्रिल

रात्रभर याच कार्डावरून मोठ्या फाइली आणून टाकल्या, मुद्दाम रॅम भरेल इतक्या, म्हणजे बसवरून डेटा सतत जात राहील आणि त्यातला बिट २० दोन्ही किमती घेईल. यासाठी कंट्रोलरच्या जागी तात्पुरता एक लॅपटॉप जोडला होता, शंभर मेगाबिटवर. सकाळी दोन्हीकडचे शा२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारे ठसे) जुळवले, सगळे जुळले. एरर काउंटर शून्य, पीईआरआर मायनस. दुपारी कंट्रोलर परत जोडला आणि पहिलं मापन या मशीनवर उतरलं.